परदेशी राज्यकर्त्यांपुढे खुल्या व्यापाराची बाजू मांडताना आपण नेमके काय म्हणावे?

आडिवरेकर (धागाकर्ता)

राजापूर व देवगड भागातील काही आंबा बागायतदार, मासळीच्या व्यवसायातील दोघे-तिघे आणि एक काजू कारखानदार अशा आम्ही मंडळींनी ब्रिटन आणि अमेरिकेतील लोकप्रतिनिधींना एक निवेदन पाठवायचे ठरवले असून त्याचा मसुदा करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. निमित्त सर्वांना ठाऊक आहे. 24 जुलै 2025 रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सह्या झाल्या आणि त्यानंतर सुमारे महिनाभरात अमेरिकेने भारतीय मालावरचा वाढीव कर 50 टक्क्यांवर नेला. आजवर ज्या सूचना हाती आल्या आहेत, त्या सर्वांचा सूर "आमचे नुकसान होत आहे, दया करा" असाच आहे. हे म्हणणे खोटे नाही, पण मतपेटी ज्याच्या हातात आहे तो मतदार आडिवऱ्यात राहत नसून ओहायोत किंवा लेस्टरमध्ये राहतो, आणि तिथला लोकप्रतिनिधी आपल्या नुकसानीचा हिशेब करण्यासाठी निवडून आलेला नाही. असे निवेदन तो शिष्टाचार म्हणून वाचेल आणि बाजूला ठेवील.

या संदर्भात मला रिचर्ड कॉब्डेनची आठवण होते. धान्याच्या आयातीवर कर लादणारे ब्रिटनमधील कायदे 1846 मध्ये रद्द झाले, आणि ते रद्द करवणाऱ्या चळवळीचा हा पुढारी त्याच वर्षी युरोपच्या दौऱ्यावर निघाला. फ्रान्सचा राजा लुई फिलिप, पोप नववा पायस, ऑस्ट्रियाचा मेटरनिख अशा अनेकांना तो भेटला. मेजवान्या झाल्या, भाषणे झाली, पण कोणत्याही देशाने त्याच्या म्हणण्याखातर आपली जकात उतरवली नाही. त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी, 1859 च्या शरद ऋतूत, तो तिसऱ्या नेपोलियनला भेटला आणि 23 जानेवारी 1860 रोजी इंग्लंड-फ्रान्स व्यापार करार झाला. या खेपेस दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक म्हणजे मिशेल शेव्हालिए हा फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ आतून रदबदली करत होता, त्यामुळे ही केवळ एका परक्याची मागणी राहिली नव्हती. दुसरी म्हणजे कॉब्डेनचा रोख इंग्लंडच्या फायद्यावर नव्हता. स्वस्त कापड आणि स्वस्त लोखंड मिळाल्याने फ्रेंच रयतेचे काय भले होईल, हे तो सम्राटाला समजावत होता. फ्रान्समध्ये सुधारणा होत नाहीत, क्रांत्याच होतात, अशा अर्थाचे उत्तर सम्राटाने त्याला दिले होते असे सांगतात. तरीही करार झाला.

आता आपल्या हापूसकडे वळू. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये ताज्या आंब्यावर आयातकर शून्य आहे, त्यामुळे "कर कमी करा" असे लिहिण्यात तिथे काहीच अर्थ नाही. खरी अडचण फळमाशीची आहे. युरोपसाठीच्या फळाला 48 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात किंवा बाष्प उष्णतेची प्रक्रिया करतात, आणि अमेरिकेसाठी किमान 400 ग्रे (किरणमात्रेचे एकक) इतके विकिरण द्यावे लागते. आपल्या फळाची साल पातळ असते, हे इथे कोणाला सांगायला नको. तोडणी देठासकट झाली नाही, चीक सालीवर ओघळला किंवा फळ पाण्यात चार-पाच मिनिटे जास्त राहिले, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी डाग उमटतात आणि पेटीचा भाव पडतो. 2025 च्या मे महिन्यात तर विकिरण झालेल्या मालाच्या पंधरा खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर केवळ कागदपत्रांतील त्रुटीवरून नाकारल्या गेल्या, आणि परत आणण्याचा खर्च परवडत नसल्याने तो माल तिथेच नष्ट करावा लागला.

माझे म्हणणे इतकेच आहे की निवेदनातले प्रत्येक वाक्य त्या देशातील खाणाऱ्याच्या, दुकानदाराच्या किंवा कारखान्याच्या हिताला धरून असावे, आणि जे मागायचे ते नेमके असावे. या दृष्टीने आपापल्या व्यवसायातील माहिती द्यावी, ही विनंती.

पोफळी_श्रीवर्धन

विचार चांगला आहे, परंतु निवेदनाखाली सही करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर हवे. माझी पोफळीची वाडी आहे. 2023 च्या फेब्रुवारीपासून किलोला 351 रुपयांपेक्षा कमी भावाची सुपारी भारतात आयात करता येत नाही आणि त्यावर 100 टक्के आयातकर आहे. ही भिंत आहे म्हणून माझी रोठा सुपारी विकली जाते. आपल्या वाडीला कुंपण घालायचे आणि शेजाऱ्याला गडगा पाडायला सांगायचे, हे त्या परदेशी खासदाराच्या ध्यानात येणार नाही असे आपल्याला वाटते काय? त्याचा सचिव अर्ध्या तासात भारताची जकातपत्रके काढून त्याच्यापुढे ठेवील.

बखरवाचक

वरील प्रतिसादातील प्रश्न जुना आहे आणि तो याच किनाऱ्यावर विचारला गेलेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

1671 मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना पाठवलेले मिठाच्या जकातीचे पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातील मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे वळतील आणि स्वराज्यातील मिठागरे बसतील, तेव्हा बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात घ्यावी की ते आपल्याकडील मिठापेक्षा महाग पडावे, असा त्याचा आशय आहे. संरक्षक जकातीचा इतका स्वच्छ विचार त्या काळच्या कागदांत क्वचितच सापडतो. त्याच महाराजांकडे 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील व्यापाराची मागणी घेऊन रायगडावर आला. राजापूरच्या वखारीची लूट भरून मिळावी, अडीच टक्के जकातीवर व्यापार करू द्यावा, इंग्रजांचे नाणे राज्यात चालावे, किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतांवरील माल परत मिळावा, अशा त्याच्या मागण्या होत्या. व्यापाराला महाराजांची ना नव्हती, मात्र नाण्याच्या आणि फुटलेल्या गलबतांच्या कलमांवर त्यांनी हरकत घेतली. म्हणजे ज्या राज्यकर्त्याने मिठावर जकात चढवली, त्यानेच परक्या वखारवाल्याशी तहही केला. दार किती उघडायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, हा त्यातला भाग मला महत्त्वाचा वाटतो.

आता धागाकर्त्यांच्या कॉब्डेनविषयी. त्याने फ्रान्सला जे समजावून सांगितले, तेच त्याच्या मँचेस्टरच्या कापडवाल्यांनी आपल्यावर लादले. मँचेस्टर ज्या परगण्यात होते त्या लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दबावाने 1882 मध्ये भारतातील कापसाच्या मालावरची आयात जकात काढून टाकण्यात आली. पुढे सरकारची तिजोरी रिकामी झाली तेव्हा जकात पुन्हा बसवावी लागली, तर 1896 मध्ये परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवून मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावरही तितकाच अंतर्गत कर बसवला गेला, जेणेकरून देशी मालाला काडीचाही फायदा मिळू नये. हा कर 1925 च्या अखेरीपर्यंत चालू होता. त्या गिरण्यांत राबणाऱ्या हातांत रत्नागिरी जिल्ह्यातल्यांचा वाटा मोठा होता आणि आमच्या घरांतील चुली त्यांच्या मनीऑर्डरीवर पेटत होत्या. न्यायमूर्ती रानडे यांनी 1892 मध्ये डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात, एका देशाच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे नियम दुसऱ्या देशाला सरसकट लागू पडत नाहीत, असा मुद्दा मांडला, तो याच अनुभवाच्या पार्श्वभूमीवर. खुल्या व्यापाराचा उपदेश परदेशी राज्यकर्त्याला करणे ही गोष्ट आपल्यासाठी निरागस नाही, एवढे भान मसुद्यात असावे.

आडिवरेकर

बखरवाचक यांचे आभार. आपण दिलेल्या दोन्ही उदाहरणांत मला एक फरक दिसतो आणि मसुद्याच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. फ्रान्सच्या सम्राटाला "नाही" म्हणण्याचा अधिकार होता, तर 1882 च्या भारताला तो नव्हता. पटवणे आणि लादणे यांत हाच भेद आहे, आणि आपण ज्यांना लिहिणार आहोत त्यांना नकाराचा पूर्ण अधिकार असल्यामुळे आपले निवेदन पटवण्याच्याच बाजूचे आहे.

मात्र 1860 च्या कराराचीही एक दुखरी बाजू आहे. 1852 च्या घटनात्मक तरतुदीमुळे तिसऱ्या नेपोलियनला व्यापारी तह विधिमंडळाला न विचारता करता येत होते, आणि त्याने ते तसेच केले. तिथल्या गिरणीवाल्यांनी हा जकातीच्या क्षेत्रातला राजकीय उठावच आहे अशी ओरड केली. सम्राट गेला, प्रजासत्ताक आले, आणि 1892 मध्ये मेलीन या राजकारण्याच्या पुढाकाराने फ्रान्सने जकातीची भिंत पुन्हा उभारली. एकट्या राज्यकर्त्याला जिंकून आणलेला करार त्याच्या राजवटीबरोबर संपू शकतो. उलट दिशेचे उदाहरण अमेरिकेचे आहे. 1930 मध्ये 1,028 अर्थतज्ज्ञांनी अध्यक्ष हूव्हर यांना जकातवाढीच्या विधेयकावर सही करू नका असे कळवले, अनेक परदेशी सरकारांनीही निषेध नोंदवला, तरी त्यांनी सही केली. कारण विधिमंडळातील एकेका सदस्याने आपापल्या मतदारसंघातील मालासाठी त्यात कर घुसवलेला होता. विद्वानांच्या सह्या त्या गणितापुढे टिकल्या नाहीत. म्हणून आपले पत्र एका मोठ्या नावाला न पाठवता, ज्यांच्या मतदारसंघात आपला माल विकला जातो अशा दहा-वीस लहान नावांना पाठवावे, असे मला वाटू लागले आहे.

श्रीवर्धनच्या बंधूंच्या प्रश्नाला मी बगल देत नाही. त्याचे उत्तर काजूवाल्यांकडून आले तर अधिक बरे होईल.

मिरकरवाडा_बंदर

मी मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात खरेदीचे काम पाहतो. निवेदनात "कोळंबीवरचा 50 टक्के कर" असे सरसकट लिहू नये, अशी माझी सूचना आहे. अमेरिकेत जाणारी भारतीय कोळंबी ही प्रामुख्याने तळ्यातली, आणि त्यातही मोठा वाटा आंध्र प्रदेशाचा आहे. आमच्या बंदरावर ट्रॉलर जी कोळंबी उतरवतात, ती समुद्रातली असते आणि तिला अमेरिकेचे दार 2019 पासूनच बंद आहे. त्याचे कारण जकात नसून कासव आहे.

अमेरिकेच्या कायद्यानुसार, ज्या देशाचे ट्रॉलर कासवाला बाहेर पडता येईल अशी चौकट जाळ्यात बसवत नाहीत, त्या देशाची समुद्री कोळंबी तिथे घेतली जात नाही. बंदरावर या चौकटीला टेड म्हणतात. जाळ्याच्या शेवटच्या पिशवीच्या अलीकडे ती तिरपी बसते. कोळंबी गजांतून मागे जाते, आणि कासव गजांना आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडते. तांडेलांची भीती अशी की कासवाबरोबर मोठा मासाही बाहेर जाईल आणि चौकटीत कचरा अडकला तर अख्खी ओढ वाया जाईल. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्याकडच्या जाळ्यांसाठी अशी चौकट तयार केलेली आहे. अडत आहे ते ती प्रत्येक बोटीवर खरोखर वापरात आणण्यापाशी.

या विषयावर भारताने मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांच्यासह जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला होता. 1998 च्या अपिलातील निकाल बारकाईने वाचण्यासारखा आहे. कासवे वाचवण्याचा हेतू योग्य आहे, असे अपिलीय मंडळाने मान्य केले. चूक काढली ती अंमलबजावणीत. कॅरिबियन भागातील देशांना तयारीसाठी तीन वर्षे आणि तांत्रिक मदत मिळाली, तर आशियाई देशांना जेमतेम चार महिने मिळाले. हा भेदभाव आहे, एवढेच त्या निकालाने म्हटले. त्यामुळे आज आपण "कासवाच्या नावाखाली अडवणूक चालू आहे" असे लिहिले तर ते टिकणार नाही.

उलट आपल्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली आणि आता रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांच्या किनाऱ्यांवर हे काम चालते. जो किनारा कासवाची अंडी राखतो, त्याच किनाऱ्याच्या बोटींना चौकटीसाठी तांत्रिक साह्य आणि पुरेशी मुदत द्यावी, म्हणजे तुमच्या ग्राहकाला समुद्रातली कोळंबी मिळेल आणि तुमच्या कायद्याचा हेतूही सफल होईल, असे म्हटले तर ते नेमकेही होईल आणि खरेही. म्हाकूळ आणि राणी माशाच्या सुरिमीविषयी (माशाच्या प्रक्रिया केलेल्या लगद्याविषयी) स्वतंत्र टिपण पाठवतो. त्यात राजकारणापेक्षा शीतसाखळीचा भाग जास्त आहे.

रापणकर_मालवण

मिरकरवाड्याच्या मित्राने एक बाजू सोडून दिली आहे. अमेरिकेत 2005 पासून भारतीय कोळंबीवर अँटी-डंपिंग कर (फार कमी भावात विकल्या जाणाऱ्या परदेशी मालावरचा जादा कर) आहे आणि तो मागणारे तिथले लोक म्हणजे लुईझियाना वगैरे किनाऱ्यांवरचे लहान कोळंबीवाले आहेत. बाहेरच्या स्वस्त मालाने भाव पडतो आणि बोटीचे डिझेलही सुटत नाही, ही त्यांची तक्रार. आम्हा रापणीवाल्यांची (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्यांची) पर्ससीन (थव्याला वेढणारे मोठे जाळे वापरणाऱ्या) आणि एलईडी (प्रखर दिव्याने मासे जमवणाऱ्या) बोटींविषयीची तक्रार याहून फार वेगळी नाही. तिथला लोकप्रतिनिधी आपल्या कोळ्याचे ऐकतो याचा मला राग येत नाही; आमच्याकडचा लोकप्रतिनिधी आमचे तितके ऐकत नाही, याचा येतो. निर्यात वाढली की पहिला पैसा मोठ्या बोटीला मिळतो, आणि समुद्र त्याच प्रमाणात खरवडला जातो. या निवेदनात रापणकरांची सही हवी असेल, तर त्यात टिकाऊ मासेमारीचा उल्लेख नुसता तोंडी लावण्यापुरता नसावा.

काजूबी_वेंगुर्ले

धागाकर्त्यांनी चेंडू आमच्याकडे टोलवला आहे, म्हणून लिहिते. आमचा लहान कारखाना आहे आणि माहेरी काजूची बाग आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंची भांडणे मी जेवणाच्या पानावर ऐकते.

बागायतदाराला बाहेरची कच्ची बी नको असते. आफ्रिकेतील बी आली की इथल्या बीचा दर बसतो, हे त्याचे म्हणणे चूक नाही. कारखानदाराला ती हवी असते, कारण आपला हंगाम फेब्रुवारी ते मे असा तीन-चार महिन्यांचा. त्या बीवर वर्षभर कारखाना चालवायचा म्हटले तर भांडवल गोदामात अडकून पडते. टांझानियाची बी ऑक्टोबरपासून निघते आणि त्या वेळी आमच्या झाडांना जेमतेम पालवी असते. ती बी आली तरच बायकांना सोलणीचे काम दिवाळीनंतरही मिळते. म्हणून 2018 च्या अर्थसंकल्पात कच्च्या बीवरचा आयातकर पाच टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आणला गेला, तेव्हा आमच्या एकाच घरात एकाने पेढे आणले आणि दुसरा जेवला नाही.

तयार गराची गोष्ट निराळी आहे. 2019 मध्ये त्यावरचा कर 45 टक्क्यांवरून 70 टक्क्यांवर नेला गेला आणि किमान आयात किंमतही वाढवली गेली. अख्ख्या गराला किलोमागे 720 रुपये आणि तुकड्याला 680 रुपये. यामागचा रोख व्हिएतनामच्या मालावर होता. व्हिएतनामने सोलणीची यंत्रे स्वतः बनवली, कच्ची बी जगभरातून खुलेपणाने आणली आणि गराच्या निर्यातीत तो देश आपल्यापुढे गेला. या उदाहरणातून काय घ्यायचे याविषयी माझे मत स्पष्ट आहे: कच्च्या मालाचे दार मोकळे ठेवले म्हणून तो देश पुढे गेला, आणि तयार मालाला भिंत बांधली म्हणून आम्ही यंत्रे बदलायची टाळली. वेंगुर्ला काजूला 2016 पासून भौगोलिक मानांकन आहे, परंतु मानांकनाचा शिक्का हाताने सोललेल्या पाकळीला आपोआप भाव मिळवून देत नाही.

तेव्हा श्रीवर्धनच्या भावांना माझे उत्तर असे की होय, आपली कुंपणे आहेत आणि ती लपवू नयेत. निवेदनात आपणच लिहावे की अमुक मालावर आमच्याकडे कर आहे, तो टप्प्याटप्प्याने कमी व्हावा असे आमच्यापैकी काहींना वाटते, आणि बाकीच्यांना वाटत नाही. याने पत्राचे वजन कमी होणार नाही.

लेस्टरचा_चाकरमानी

मी मूळचा संगमेश्वर तालुक्यातला असून लेस्टरमध्ये राहतो. 2014 ची आंबाबंदी इथून पाहिली असल्याने त्याविषयी लिहितो.

आदल्या वर्षी, म्हणजे 2013 मध्ये, भारतातून आलेल्या 207 खेपांमध्ये फळमाशी व इतर किडी सापडल्या, म्हणून युरोपीय संघाने 1 मे 2014 पासून हापूससह सर्व आंबे आणि वांगी, अळू, कारली, पडवळ या भाज्या बंद केल्या. ब्रिटिश सरकारने त्याचे समर्थन केले, कारण त्यांना आपल्या काचघरांतील टोमॅटो आणि काकडीची काळजी होती. ही काळजी खरी होती. भारतातील निर्यातदारांचे निषेध इथल्या वर्तमानपत्रांत दोन ओळींत संपले. बातमी मोठी झाली ती इथल्या फळविक्रेत्यांमुळे. मे महिन्यातला धंदा म्हणजे त्यांच्या वर्षाचा मोठा भाग, आणि तेच रिकाम्या दुकानात बसले. लेस्टर पूर्वचे तेव्हाचे खासदार कीथ वाझ यांनी हा प्रश्न उचलला आणि पंतप्रधानांच्या निवासस्थानी आंब्याची पेटी पाठवली. वाझ यांना वेळासची कासवे किंवा देवगडच्या बागा यांच्याशी कर्तव्य नव्हते. बेलग्रेव्ह रोडवरची दुकाने त्यांच्या मतदारसंघात होती.

तरीही एकट्या त्या पेटीने बंदी उठली असे मानू नये. भारताने निर्यातीसाठीची तपासणी आणि प्रक्रिया मान्यताप्राप्त पॅकहाऊसमधूनच होईल अशी व्यवस्था केली, युरोपीय निरीक्षक सप्टेंबरमध्ये ती पाहून गेले, आणि मग मूळ मुदतीच्या वर्षभर आधी, 2015 च्या जानेवारीत, आंब्यावरची बंदी उठवण्याचा निर्णय झाला. मागणी तिकडून झाली आणि पुरावा इकडून मिळाला. दोन्ही नसते तर 2015 चा हंगामही गेला असता. जपानचे उदाहरण याच्या उलट आहे. तिथे 1986 मध्ये बंद झालेला भारतीय आंबा 2006 मध्ये सुरू झाला, कारण तिथे हापूससाठी ओरड करणारा भारतीय समाज फारसा नव्हता. (हे माझे अनुमान आहे, प्रक्रियेचे संशोधन होण्यासही वेळ लागला असणार.)

एक व्यावहारिक सूचना. इथल्या खासदाराला त्याच्या मतदाराखेरीज इतरांचे पत्र आले तर संकेतानुसार तो सहसा उत्तर देत नाही. म्हणून आपले निवेदन इथल्या दुकानदारांच्या पत्रासोबत जोडपत्र म्हणून जावे.

बखरवाचक

लेस्टरकरांच्या मुद्द्याला पूरक अशी एक गोष्ट. अमेरिकेत आंबा 2007 मध्ये सुरू झाला, तो 2006 च्या मार्चमध्ये अध्यक्ष बुश भारतात येऊन गेल्यानंतर. त्याच सुमारास भारताने हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींच्या आयातीची वाट मोकळी केली. पुढे 2022 मध्ये आंबा आणि डाळिंब यांच्याबरोबर तिकडची चेरी आणि डुकराचे मांस यांचा प्रश्न सोडवण्यात आला. ज्याला आपण खुल्या व्यापाराचे तत्त्व म्हणतो, ते प्रत्यक्षात दर वेळी पेटीला पेटी लावूनच पुढे सरकलेले दिसते. यात वाईट काही नाही, पण देण्यासारखे काय आहे याचा निवेदनात उल्लेखच नसेल तर समोरचा ते स्वतः ठरवील, आणि तो कदाचित दुधाची भुकटी मागेल.

आडिवरेकर

सर्व प्रतिसादांनंतर मसुद्याची रचना बदलली आहे. एकच निवेदन सर्वांना न पाठवता दोन स्वतंत्र पत्रे करावीत असे ठरत आहे. ब्रिटनच्या पत्रात जकातीचा मुद्दा कोळंबीपुरता राहील, कारण नव्या करारात तो कर जाणार आहे आणि आंब्यावर तो आधीच नाही. त्यातील मुख्य भाग तपासणी आणि प्रक्रियेचा असेल, आणि ते लेस्टरच्या दुकानदारांच्या पत्रामागे जाईल. अमेरिकेच्या पत्रात कासवाची चौकट, तिच्यासाठी मागायची मुदत आणि तांत्रिक साह्य हा पहिला परिच्छेद असेल. रापणकरांनी सुचवल्याप्रमाणे, 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळाचे काटेकोर पालन व्हावे आणि एलईडी मासेमारी थांबावी ही आपली स्वतःची मागणी आहे, हेही त्यात येईल.

आंब्याचा परिच्छेद सध्या असा आहे:

"आपल्या देशातील फळबागांचे कीडरोगांपासून रक्षण करण्याचा आपला अधिकार आम्हांस मान्य आहे. आमच्या बागांत दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेले, फळमाशी पकडणारे रक्षक सापळे लावले जातात आणि निर्यातीच्या प्रत्येक पेटीचा माग नोंदणीकृत बागेपर्यंत काढता येतो. आमची विनंती इतकीच आहे की प्रक्रिया व्यवस्थित झाली असताना केवळ कागदावरील नोंदीत त्रुटी आढळली, तर ती दुरुस्त करण्यासाठी माल नष्ट करण्यापूर्वी काही तासांची संधी द्यावी. चार दिवसांत पिकणाऱ्या फळाच्या बाबतीत अशा प्रत्येक खेपेचे नुकसान आपल्या देशातील आयातदार, दुकानदार आणि ग्राहक यांनाही सोसावे लागते."

शेवटच्या परिच्छेदात आपल्याकडील आयातकरांची कबुली असेल: गरावरचा 70 टक्के कर, सुपारीवरचा 100 टक्के कर, आणि याविषयी सही करणाऱ्यांत एकमत नाही हे वाक्य. बागायतदारांपैकी दोघांनी त्याला विरोध केला आहे. मला ते वाक्य ठेवायचे आहे.

पोफळी_श्रीवर्धन

ते वाक्य राहणार असेल तर माझी सही धरावी. मात्र "एकमत नाही" एवढ्यावर न थांबता, सुपारीचा कर कमी करण्यास श्रीवर्धनच्या बागायतदारांचा विरोध आहे असे स्पष्ट लिहावे, आणि 351 रुपयांचा आकडाही गाळू नये. लपवून ठेवलेला आकडा समोरच्याने काढून दाखवण्यापेक्षा आपणच दिलेला बरा.

काजूबी_वेंगुर्ले

सुपारीचे नाव घेऊन लिहिणार असाल, तर काजूचेही तसेच लिहावे लागेल, आणि तिथे माझी आणि माझ्या भावाची सही एकाच वाक्याखाली येणार नाही. कच्च्या बीविषयी दोन ओळी स्वतंत्र कराव्यात; एका ओळीखाली कारखानदार सही करतील, दुसरीखाली बागायतदार. दोन्ही ओळी रविवारपर्यंत पाठवते.